वहिनीच्या तोंडातली लवंग

वहिनी गेल्याची बातमी मला मेहकरच्या मोटारीच्या क्लीनरनं दिली. शाळा सुटल्यावर मी बुलढाण्याच्या बाजारात वांग्यांची घासाघीस करत होते आणि तो टपावरची पोती खाली देता देता वरूनच म्हणाला, "बाई, तुमच्या रुताबाई गेल्या सकाळी. मातीले पोचाचं असंल तं याच गाडीत बसा." मी वांगी तिथंच टाकली आणि बसले. अख्ख्या वाटेत मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर राग आला होता. एक गोष्ट कधीच कोणाला सांगायची नाही असा शब्द तिनं माझ्याकडून घेतला होता, आणि त्यातून मला मोकळं न करताच ती निघून गेली होती. तोंड दाबून बसायचं काम आता माझ्या एकटीच्या गळ्यात... हे तुला शोभतं का, असं मी मोटारीच्या खिडकीशी बसून तिला विचारत होते. शेजारच्या बाईनं माझे ओठ हलताना पाहिले आणि ती जरा सरकून बसली.

त्याला आता काही आठवडे झाले. तो शब्द सुटला आहे, कसा ते पुढे येईलच. गावाचं नाव लिहीत नाही. डोणगावच्या बाजूचं एक गाव, एवढं पुरे. वहिनी सोडून बाकीच्यांची नावंही मी बदलली आहेत.

रूथ, गावाच्या तोंडी रुताबाई, माझ्या थोरल्या भावाची बायको. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. भाऊ मिशनच्या शाळेवर मास्तर म्हणून वऱ्हाडात आला आणि इथल्याच मुलीशी त्यानं लग्न केलं. ती नर्सिंग शिकलेली होती. मानमोडीच्या तापाच्या साथीत भाऊ गेला तेव्हा मिशननं तिला विचारलं, माहेरी जातेस का? ती म्हणाली, त्यापेक्षा मला गावात दवाखाना काढून द्या. दवाखाना म्हणजे भाड्याच्या घराची ओसरी, एक फळी, तिच्यावर बाटल्या, आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ. मी तिथल्याच शाळेत मुलींना शिकवायला लागले आणि पुढं बुलढाण्याच्या शाळेत जाईपर्यंत तिच्याजवळच राहिले. तिच्या मले-तुलेला मी नगरच्या तोऱ्यात हसायची. "हसा वन्सं," ती म्हणायची, "पण इथं दुखणं याच बोलीत सांगतात."

मातीच्या दिवशी जो तो म्हणत होता, रुताबाई फार शांत स्वभावाच्या. मी ऐकून घेतलं. साफ चुकीचं आहे ते. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनं रागाच्या भरात पोळपाट अंगणात भिरकावला होता आणि तो शेजारच्यांच्या कोंबडीला लागला होता. भावानं कोंबडी भरून दिली आणि हसत हसत हिला लवंग दिली. म्हणाला, राग आला की ही दाढेखाली धरायची, आणि तिचा तिखटपणा उतरेपर्यंत बोलायचं नाही. तो गेल्यावर तिनं तो नियमच करून टाकला. पदराच्या गाठीत लवंगा बांधलेल्या असत. घरात लवंगेचा वास दरवळला की मी ओळखायची, आज कोणीतरी हिला काहीतरी बोललेलं आहे. त्या एका वर्षी तर आमच्या ओसरीला दवाखान्याचा वास कमी आणि लवंगेचाच जास्त येत होता.

ते वर्ष सांगते. कापूस वेचणीचे दिवस होते. या दिवसांत तान्ह्या पोराला अफूचा कण चाटवायचा, झोळीत टाकायचं आणि आईनं वेचायला जायचं, ही इकडची जुनी रीत. वाईट मनानं कोणी करत नाही. आईच चाटवते, नाहीतर आजी. किसन माळ्याची बायको यमुना, तिची आधीची दोन लेकरं अशीच झोपेत गेली होती. दुसरं गेलं तेव्हा किसननं चारचौघांत सांगितलं की यापुढं घरात अफू दिसली तर बायकोला माहेरी धाडीन आणि दुसरी करीन. त्याच्या आईनं, पार्वतामायनं, देव्हाऱ्यापुढं शपथ घेतली आणि आपली अफूची डबी नदीत टाकली, असं गावभर झालं. त्यानंतर तिसरं पोर झालं, श्रावण.

तर त्या सकाळी यमुना पोराला पोटाशी धरून धावत आमच्या ओसरीवर आली. पोराची मान लुळी, ओठ निळसर. वहिनीनं पापणी उचलून पाहिली. बाहुल्या अगदी टाचणीच्या टोकासारख्या झालेल्या.

"काय चाटवलं?"

"काही नाही."

"यमुने, पोरगं मरून राह्यलं. काय चाटवलं?"

"तिळाएवढी," यमुना म्हणाली. "माहेराहून आणली होती. लय रडून राह्यला होता... तिळाएवढीच हो रुताबाई, देवाशपथ."

"तिळाएवढीनं असं नाही होत," वहिनी पुटपुटली, पण पुढे विचारत बसायला वेळ नव्हता. "वन्सं, पाणी." मी माठातलं गार पाणी देत गेले आणि ती पोराच्या कपाळावर, तोंडावर शिंपडत गेली, तळव्यांवर टिचक्या मारत गेली, खरखरीत फडक्यानं छाती चोळत गेली. त्याला झोपू द्यायचं नाही, श्वास सोडू द्यायचा नाही. आणि तोंडानं मोठ्यानं प्रार्थना चाललेली, कारण हात मोकळे नसले की ती तशीच करायची. कितीतरी वेळानं पोरानं आचका दिला आणि बारीक रडलं. तेवढ्यात मी मान वर केली तर दारात पार्वतामाय उभी. वेचणीची ओटी तशीच कमरेला बांधलेली, अर्धी भरलेली. तिनं पाहिलं ते एवढंच, की ख्रिस्ताची बाई तिच्या नातवाच्या डोक्यावर पाणी घालते आहे आणि देवाचं नाव घेते आहे.

"बाटवलं," ती म्हणाली. "माझ्या नातवाले बाटवलं हिनं." पोर उचलून ती चालती झाली. यमुना वहिनीच्या पायाशी बसली. "सांगू नका कोणाले. मले टाकून देतील." वहिनी म्हणाली, "नाही सांगत." मग माझ्याकडे वळली. "वन्सं, तुम्हीबी शब्द द्या." मी दिला. तेव्हा वाटलं, चार दिवसांची गोष्ट आहे.

गाव पुढं काय काय बोललं ते आठवलं की अजून अंगाची आग होते. रुताबाई औषधाच्या नावाखाली पोरं बाटवते. दर पोरामागे साहेब तिला इनाम देतो. बाळंतपणाला जाते ती नाळ कापताना मंतर टाकायला. एवढ्यावर भागलं नाही तेव्हा, तरणी विधवा आहे, तिच्या ओसरीवर दिवा कोणासाठी जळतो, तेही झालं. दारावर शेण आदळायचं. माझ्या शाळेतल्या मुली एकेक करून यायच्या थांबल्या. सहनशीलतेवरचे उपदेश मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि ते ऐकायला फार बरे असतात. सकाळी उठून दारावरचं दुसऱ्यांनी मारलेलं शेण खरवडायला लागलं की त्यातलं एक अक्षर आठवत नाही. वहिनी मात्र शेण खरवडायची, हात धुवायची, लवंग तोंडात टाकायची आणि माळी आळीत जायची. पार्वतामायच्या अंगणापुढं थांबून विचारायची, "माय, पोरगं बरं हाय ना?" पार्वतामाय थुंकायची. दुसऱ्या दिवशी वहिनी पुन्हा त्याच अंगणापुढं. मी म्हटलं, तुला लाज कशी वाटत नाही? तर म्हणाली, "पुन्हा चाटवलं तं पोरगं पुन्हा सुस्त पडंल. त्याले पाहासाठी जाते मी. ती थुंकते तवा पोरगं तिच्या कडेवर असते, नजरेस पडते." रोज सांजच्या प्रार्थनेत ती पार्वतामायचं नाव घ्यायची. मी तेवढ्यापुरते डोळे उघडे ठेवायची.

मग चावडीवर बोलावणं आलं. पाटील, जातीतले चार जाणते, कडेला किसन खाली मान घालून, आणि पलीकडे बायकांचा घोळका. त्यात यमुना उभी, पोर कडेवर, पदर नाकापर्यंत ओढलेला. पाटील माणूस वाईट नव्हता. त्याला प्रकरण मिटवायचं होतं.

"बाई, पोराच्या डोक्यावर पाणी घातलं का नाही?"

"घातलं."

"काऊन घातलं?"

वहिनीनं दाढेखालची लवंग दाबली. लवंगेचा वास माझ्यापर्यंत आला.

"तोंडानं काय म्हणत होत्या?"

"प्रार्थना."

"कोणाची?"

"माझ्या देवाची. मले दुसऱ्याची येत नाही."

"मंग बाटवलंच ना?"

"नाही बाटवलं."

"पाणी घातलं, देवाचं नाव घेतलं, आन बाटवलं नाही. मंग पाणी कायले घातलं ते तं सांगा. पोराच्या अंगावर हात ठेवून सांगा."

"पोराचं अंग कायले मधात आणता, पाटील? नाही बाटवलं. त्याच्यापुढचं मी नाही सांगत."

कुजबुज वाढली. एक शब्द, अफू, एवढाच एक शब्द माझ्या जिभेवर होता आणि तो बाहेर पडला असता तर वहिनी तिथल्या तिथं सुटली असती. मी यमुनेकडे पाहिलं. तिनं पदर मागे सारला होता. ओठ हलायला लागले होते. ती पुढं सरकली, तोंड उघडलं... आणि वहिनी एकदम कडाडली, "यमुने, पोराले उन्हात कायले उभं केलं? समजत नाही का तुले? घरी ने त्याले." इतक्या मोठ्या आवाजात तिला बोलताना गावानं कधी ऐकलं नव्हतं. यमुना मागे सरली आणि खरंच घरी गेली. लोक म्हणाले, पाहा, चोराच्या उलट्या बोंबा.

ठरलं ते असं. पोराला शुद्ध करून घ्यायचं, किसननं जातीला जेवण द्यायचं, बाईच्या दवाखान्याची पायरी कोणी चढायची नाही आणि घरमालकानं घर रिकामं करून घ्यायचं. आम्ही गावाबाहेर एका रिकाम्या गोठ्यात राहायला गेलो. पादरीसाहेब सायकल मारत आले. त्यांनी मेहकरच्या वकिलाशी बोलणं केलं होतं. अब्रूनुकसानीचा दावा लावू, सगळे सरळ येतील, म्हणाले. मला तर ते देवदूतच वाटले. वहिनीनं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "साहेब, कोर्टात शपथ घ्या लागते. शपथ घेतली का सगळं खरं सांगा लागंल. ते मले सांगायचं नाही." साहेबांनी ख्रिस्ती मंडळीची अब्रू, मिशनचं काम, सगळं समजावलं. शेवटी चिडले आणि म्हणाले, मग हे गाव सोडा, दुसरीकडे पाठवतो. "मी गेली का लोक म्हणतील खरं होतं. आन त्या पोराले कोण पाहील?" साहेब चहा अर्धा ठेवून गेले.

त्या दिवशी मी तिच्याशी कडाडून भांडले. म्हटलं, तुला सोसायची हौस आहे. तिला ते लागलं. "सोसते ती यमुना," ती म्हणाली. "रोज त्याच चुलीपुढं बसते, त्याच सासूच्या हातचं खाते. मी फक्त बोलत नाही. तेवढ्याले सोसणं नका म्हणू."

आणि मग सुताराची सून अडली. पोर आडवं आलं होतं. सुईण दोन दिवस खटपट करत होती. वहिनीला कळलं तशी ती पिशवी घेऊन गेली, मी मागोमाग. दारात पुरुष आडवे उभे. "बाई, तुमचं काम नाही." तिनं हात जोडले. म्हणाली, प्रार्थना करणार नाही, तोंड शिवून घेते, मले आत जाऊ द्या. कोणी हललं नाही. मग ती तिथंच रस्त्यावर, भर दुपारी, पिशवी मांडीवर घेऊन बसली. आतून सुनेचा आवाज येत होता, तो हळूहळू बारीक होत गेला. समोरच्या ओट्यावर गावच्या बायका बसल्या होत्या, त्यात पार्वतामायही. सगळ्या ऐकत होत्या. आवाज थांबला. मग दुसऱ्या बायकांचा हंबरडा उठला आणि वहिनी उठून घरी आली.

मी तिला सोडलं नाही. म्हटलं, एका यमुनेला राखण्यासाठी तू किती बायकांना जाऊ देणार आहेस? तिनं त्या दिवशी लवंग घेतली नाही. भिंतीकडे तोंड करून बसली. "मले माहीत हाय, वन्सं," एवढंच म्हणाली. सांजच्या प्रार्थनेच्या वेळी म्हणाली, "रोज इचारते मी देवाले. तो बी सांगत नाही." तिची श्रद्धा डळमळताना मी पाहिली ती त्याच दिवशी, आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पण ती होती तशीच सांगायची तर हे गाळता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मला आमच्या गोठ्यातून पार्वतामाय बाहेर पडताना दिसली. डोळे सुजलेले. माझ्याकडे न पाहता ती निघून गेली. मी विचारलं, कशाला आली होती? वहिनी म्हणाली, "पाय दुखते म्हणे." त्याच आठवड्यात पार्वतामाय आळीत उभी राहून म्हणाली, "बाळंतपणाले बाईले बोलवत जा. पाण्यानं कोणी बाटत नाही. माझा नातू पाहा, देवाचा परसाद मागून मागून खाते." जिनं आग लावली तिनंच असं म्हटल्यावर बाकीच्यांचा काय विरोध राहणार? लोक पुन्हा येऊ लागले, घरमालकानं घर परत दिलं. माफी मात्र कोणी मागितली नाही. आरोपही कोणी मागे घेतला नाही. पार्वतामायनं आपलं म्हातारपण वहिनीच्या हातची औषधं खात काढलं, मरताना तिचं डोकं वहिनीच्या मांडीवर होतं, आणि मी शेवटपर्यंत तिला 'ती थुंकणारी म्हातारी' म्हणत राहिले. मी तसं म्हटलं की वहिनीला राग यायचा. ती फळीवरची पितळी डबी उघडायची, लवंग काढायची आणि माझ्याशी बोलणं बंद करायची. लवंगा पदराच्या गाठीतून डबीत कधी गेल्या ते मला नीट आठवत नाही. छानशी चिमुकली डबी होती, झाकणावर मोर. मी एकदा विचारलं होतं, कुठून आणलीस? "मिळाली," म्हणाली.

मातीनंतर काही दिवस मी तिच्या खोलीतच राहिले. आवराआवर करत होते तेव्हा यमुना आली. केस पांढरे झालेले. बाहेर निंबाखाली श्रावण गाडीच्या बैलांचं जू सैल करत होता. आता बाप्या माणूस झाला आहे, मिशा आहेत. यमुना खाली बसली आणि बसल्या बसल्या म्हणाली, "बाई, आता मी सांगणार हाय लोकांले. मालक गेले, सासूबाई गेल्या, मले आता कोण टाकते? रुताबाईनं माझ्या पायी लय बोल खाल्ले. तुम्ही पेपरात लिहा."

मला हायसं वाटलं. इतकी वर्षं तुंबलेलं पाणी सुटावं तसं वाटलं. मी तिला चहा करायला उठले. परत आले तेव्हा ती फळीपाशी उभी होती आणि तिच्या हातात डबी होती.

"ही कुठून आली?"

"तिचीच आहे. लवंगांची."

"नाही." तिनं झाकणावरच्या मोराची मान अंगठ्यानं दाखवली. ती चेपलेली होती. "ही मी चेपली. नवी नवरी होती, हातून वरवंटा पडला, लय बोलणी खाल्ली. ही सासूबाईची डबी हाय. अफूची. नदीत टाकली होती ना त्यायनं?"

आत चुलीवर ठेवलेला चहा उतू जाऊन विस्तवावर चरचरला. यमुना खाली बसली आणि ते सगळं माझ्याआधी तिला उलगडलं, मला तिच्या तोंडाकडे पाहून कळत गेलं. "त्या सकाळी मी भाकरी थापून राह्यली होती," ती हळू म्हणाली. "पोरगं त्यायच्याजवळ होतं. मंग त्या पुढं वावरात गेल्या. जाताना म्हणे, आता झोपंल तो, लवकर ये... तरीबी तो रडून राह्यला, तवा मी..." एकाच सकाळी, एकमेकींच्या चोरून, एकाच पोराला दोघींनी चाटवलं होतं. दोघी किसनला भ्यायल्या होत्या. दारात उभं राहून बाटवलं म्हणून ओरडली ती म्हातारी भीतीनं ओरडली होती. तोंडात जो पहिला शब्द आला तो तिनं पुढं केला आणि मग तो मागे घेता येईना.

"म्हणजे माझी तिळाएवढीच होती," यमुना म्हणाली. "मी खरंच सांगून राह्यली होती. मले वाटे, माझाच हात जड पडला असंल. आधीच्या दोघांच्या वक्तीबी माझाच पडला असंल... एवढी वर्षं."

वहिनीला हे माहीत होतं. म्हातारी सुजल्या डोळ्यांनी गोठ्यात येऊन डबी तिच्या हातात देऊन गेली असणार, त्या दिवसापासून माहीत होतं. एका तोंडात तिनं दोन बायकांची गुपितं धरली आणि एकीचं दुसरीला कळू दिलं नाही. म्हातारीला दिलेला शब्द असणार. पण म्हातारी गेल्यावर तरी? या यमुनेला एकदा सांगितलं असतं तर तिनं निम्मं आयुष्य हलक्या मनानं काढलं असतं. म्हातारीची थुंकी वहिनीनं मुकाट पुसली, ते मला आता समजतं. हे नाही समजत. त्या खोलीत बसून मी पुन्हा तिच्याशी भांडू लागले, आणि या खेपेला लवंग घेऊन गप्प व्हायला ती नव्हती. तेव्हा मला रडू आलं, मोटारीत आलं नव्हतं ते सगळं.

यमुना रडली नाही. जाताना दारात थांबून म्हणाली, "लिहा. दोघींचंबी लिहा. नावं तेवढी नका लिहू." डबी मी तिच्यापुढं धरली, तुमच्या घरची आहे, न्या म्हटलं. तिनं झाकण उघडलं, आतली एक लवंग काढून दाढेखाली धरली आणि डबी परत फळीवर होती तिथं ठेवली. मग बाहेर जाऊन गाडीत बसली. श्रावणनं विचारलं, "माय, काय झालं?" तिनं ओठ मिटलेले तसेच ठेवले आणि हातानंच खूण केली, हाक गाडी.